अध्ययनकृती, गणितातील

एखादी गणिती कल्पना, संबंध अथवा रीत विद्यार्थ्याला स्वतःच्या विचाराने उमगावी, या हेतूने त्याच्यापुढे ठेवलेला प्रश्न, मोजमाप, खेळ, आकृती वा शोधकार्य यांस गणितातील अध्ययनकृती असे म्हणतात. सरावाचे उदाहरण व परीक्षेतील प्रश्न यांहून अध्ययनकृतीचे प्रयोजन वेगळे असते. सरावाच्या उदाहरणाने माहीत असलेली रीत हातात बसते; परीक्षेतील प्रश्नाने ती बसली आहे की नाही, हे कळते. अध्ययनकृती मात्र रीत माहीत होण्यापूर्वी किंवा तिचा अर्थ पक्का होत असताना योजली जाते. तिच्यातील आकडे, मांडणी, दिलेली व न दिलेली माहिती आणि प्रश्नाची भाषा यांची विचारपूर्वक निवड करणे म्हणजे कृतिरचना होय.

कृती कोणत्या प्रसंगावर बेतली आहे किंवा तिच्यासाठी कोणते साहित्य वापरले आहे, यावरून तिचा कस ठरत नाही. तो करण्यात कोणता गणिती निर्णय विद्यार्थ्याकडे सोपविला आहे, यावरून ठरतो. कोणती राशी मोजावयाची, कशाची कशाशी तुलना करावयाची, मिळालेले उत्तर संभवनीय आहे किंवा कसे, हे निर्णय पुस्तकाने वा शिक्षकाने आधीच घेऊन टाकले, तर विद्यार्थ्याकडे केवळ आकडेमोड उरते. प्रस्तुत नोंदीत या निकषाचे विवेचन केले असून त्यासाठी बरीचशी उदाहरणे रायगड जिल्ह्यातील माथेरान व तेथे जाणारा डोंगरी लोहमार्ग यांवरून घेतली आहेत.

पूर्वपीठिका : महाराष्ट्रात गणिती प्रश्नरचनेची परंपरा जुनी आहे. भास्कराचार्य (दुसरे) यांच्या लीलावती (सु. ११५०) या ग्रंथात सूत्रांबरोबर प्रसंगयुक्त उदाहरणे आहेत. त्यांतील एका प्रसिद्ध उदाहरणात पाण्यावर अर्धा हात वर असलेले कमळ वाऱ्याने कलून दोन हात अंतरावर बुडते व त्यावरून पाण्याची खोली काढावयाची असते. उत्तर पावणेचार हात येते. या उदाहरणात काटकोन त्रिकोणाचा उल्लेख नाही. कमळाचा देठ उभा असताना व कलल्यानंतर सारख्याच लांबीचा राहतो, हे ओळखून त्रिकोण वाचकालाच उभा करावा लागतो. हाच त्यातील गणिती निर्णय होय. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने त्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी मठ स्थापन केल्याचे चाळीसगावजवळील पाटण येथील शिलालेखावरून कळते. हा लेख डॉ. भाऊ दाजी लाड यांनी उजेडात आणला.

पंतोजींच्या शाळांतून पाठांतरावर भर असे. पूर्णांकांच्या पाढ्यांबरोबर पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी व औटकी हे अपूर्णांकांचे पाढे मुले म्हणत. बाजारातील हिशेब तोंडी करण्यास ते अत्यंत उपयुक्त होते. तथापि पाढा कशासाठी वापरावयाचा, हा निर्णय शाळेबाहेर दुकानावर किंवा शेतावर घ्यावा लागे व तेथेच तो शिकला जाई. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात मुंबई इलाख्यात गणिताची मराठी पाठ्यपुस्तके तयार होऊ लागली. शतकाच्या अखेरीस गोपाळ कृष्ण गोखले यांच्या अंकगणिताच्या पुस्तकाचा शाळांतून मोठा प्रसार झाला. छापील पुस्तकांमुळे आधी रीत, मग सोडविलेला नमुना व शेवटी त्याच धर्तीची अनेक उदाहरणे, असा क्रम रूढ झाला. हा क्रम सरावाला सोयीचा असला, तरी त्यामुळे कोणत्या प्रकरणाखाली उदाहरण आले आहे, हे पाहून रीत ठरविण्याची सवय विद्यार्थ्यांना लागली. दशमान नाणेपद्धती (१९५७) व त्यापाठोपाठ मेट्रिक मापे आल्यावर अपूर्णांकांचे पाढे मागे पडले; पुस्तकी क्रम मात्र तसाच राहिला.

कृतींच्या अभ्यासाचा विकास : विसाव्या शतकाच्या मध्यापासून प्रश्न कसा असावा, याचा स्वतंत्र विचार होऊ लागला. जॉर्ज पोल्या या गणितज्ञाने हाउ टू सॉल्व्ह इट (१९४५) या पुस्तकात प्रश्न समजून घेणे, योजना आखणे, ती पार पाडणे व मागे वळून पाहणे, अशा चार पायऱ्या सांगितल्या. नेदर्लंड्समधील हान्स फ्रॉइडेनथाल यांनी तयार गणित आधी शिकवून नंतर त्याचे उपयोजन दाखविण्यास विरोध केला. परिस्थितीला गणिती रूप देण्याची क्रिया विद्यार्थ्याने स्वतः केली पाहिजे, असे त्यांचे प्रतिपादन होते.

फ्रान्समधील गी ब्रूसो यांनी कृतीनेच विद्यार्थ्याला त्याची चूक दाखवावी, हे तत्त्व पुढे मांडले. त्यांच्या एका प्रसिद्ध कृतीत तुकड्यांनी जुळवावयाचे एक कोडे मोठे करावयाचे असते. मूळ कोड्यात ४ सेंमी. असलेली बाजू नव्या कोड्यात ७ सेंमी. व्हावी, अशी अट असून गटातील प्रत्येकाने एकेक तुकडा करावयाचा असतो. बहुतेक मुले प्रत्येक बाजूत ३ सेंमी. मिळवितात आणि तुकडे एकमेकांत बसत नाहीत. शिक्षकाला ‘चूक’ असे म्हणावे लागत नाही. बेरजेने आकार बिघडतो व गुणाकाराने टिकतो, हे तुकड्यांवरून कळते.

अशा विचाराची निकड दाखविणारी एक पाहणी फ्रान्समध्येच ग्रनोब्ल येथे १९८० च्या सुमारास झाली. एका जहाजावर २६ मेंढ्या व १० बकऱ्या आहेत, तर कप्तानाचे वय किती, असा निरर्थक प्रश्न प्राथमिक शाळेतील ९७ मुलांना विचारला असता ७६ जणांनी दिलेल्या संख्यांची काहीतरी क्रिया करून उत्तर दिले. या मुलांना बेरीज येत होती. परंतु गणिताच्या तासाला अर्थ शोधावयाचा नसतो, ही समजूतही त्यांनी शाळेतच मिळविली होती. याच्या उलट चित्र ब्राझीलमधील रेसिफे शहरात दिसले. तेथे रस्त्यावर माल विकणाऱ्या पाच मुलांच्या अभ्यासात (१९८५) विक्री करताना तोंडी केलेले सु. ९८ टक्के हिशेब बरोबर आढळले. तेच हिशेब कागदावर निव्वळ आकड्यांच्या रूपात दिल्यावर बरोबर उत्तरांचे प्रमाण सु. ३७ टक्क्यांवर आले. मुंबईतील होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्रानेही धारावीतील मुलांना घरच्या उद्योगांमधून मिळणाऱ्या गणिती ज्ञानाचा अभ्यास केला आहे. आंतरराष्ट्रीय गणिताध्यापन आयोगाने (स्थापना १९०८) कृतिरचना हाच विषय घेऊन २०१३ मध्ये ऑक्सफर्ड येथे परिषद भरविली. भारतात राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखडा, २००५ याने मुलाच्या विचाराला गणिती वळण देणे, हे गणिताध्यापनाचे मुख्य उद्दिष्ट मानले.

कृतीची अंगे : चांगल्या कृतीच्या रचनेत सामान्यतः पाच बाबी पाहिल्या जातात. (१) हेतू : कृतीतून कोणती एक गणिती कल्पना पुढे यावी, हे रचनाकाराला स्पष्ट असावे. (२) प्रवेश : वर्गातील सर्वांत मागे असलेल्या मुलालाही सुरुवात करता यावी. (३) निर्णय : हेतूशी निगडित असलेला निर्णय विद्यार्थ्याकडे राहावा व हेतूशी संबंध नसलेला त्रास, उदा., किचकट भागाकार, शक्य तेवढा कमी असावा. (४) पडताळा : उत्तर बरोबर आहे की नाही, हे विद्यार्थ्याला शिक्षकावाचून काही अंशी तरी ठरविता यावे. (५) विस्तार : उत्तर मिळाल्यावर ‘हे नेहमीच असे होईल काय?’ हा प्रश्न स्वाभाविकपणे उभा राहावा. या बाबींचा मेळ कसा घातला जातो, हे पुढील उदाहरणांवरून स्पष्ट होईल.

चढाची कृती : नेरळ–माथेरान लोहमार्ग अब्दुल हुसेन आदमजी पीरभॉय यांनी १९०४–०७ या काळात बांधविला. तो सु. २० किमी. लांबीचा असून नेरळ स्थानकाची समुद्रसपाटीपासून उंची सु. ४० मी. व माथेरान स्थानकाची सु. ८०० मी. आहे. मार्गावरील कमाल चढ २० मी. अंतरास १ मी. एवढा आहे. या माहितीवर पाठ्यपुस्तकी पद्धतीचे उदाहरण पुढीलप्रमाणे होईल : ‘एक गाडी २० किमी. अंतरात ७६० मी. चढते, तर सरासरी चढ काढा.’ येथे कोणती राशी कोणत्या राशीने भागावयाची, हे वाक्यरचनेनेच सांगितले आहे. उत्तर सु. २६ मी. अंतरास १ मी. असे येते व प्रश्न संपतो.

तीच माहिती वापरून कृती वेगळ्या रीतीने रचता येते. दोन्ही स्थानकांची उंची व त्यांमधील सरळ अंतर (सु. ७ किमी.) द्यावे, गाडी २० मी. अंतरात १ मी. पेक्षा अधिक चढू शकत नाही, एवढेच सांगावे व विचारावे : ‘हा मार्ग सरळ का नेला नाही? तो कमीत कमी किती लांब असावा लागेल?’ सरळ मार्गावर सु. ९ मी. अंतरात १ मी. चढावे लागेल, हे विद्यार्थ्याला प्रथम शोधावे लागते. त्यानंतर ७६० ला २० ने गुणून १५.२ किमी. ही किमान लांबी मिळते. येथे भागाकार व गुणाकार कोठे करावयाचा, हे चढाच्या अर्थावरूनच ठरते. अधिक वळणे म्हणजे अधिक लांबी व अधिक लांबी म्हणजे सौम्य चढ, हा संबंधही ध्यानात येतो. डोंगरावरचा मार्ग नागमोडी का असतो, याचे उत्तर अशा रीतीने गुणोत्तरातून मिळते.

यानंतर प्रत्यक्ष लांबी सु. २० किमी. आहे, हे सांगावे. विद्यार्थ्याने काढलेल्या किमान लांबीपेक्षा ती जवळजवळ पाच किलोमीटरने अधिक आहे. या तफावतीमुळे चर्चेला खरी सुरुवात होते. जुम्मापट्टी, वॉटर पाइप, अमन लॉज या स्थानकांशी मार्ग जवळजवळ सपाट ठेवावा लागतो. तीव्र वळणावर गाडीला अधिक विरोध होत असल्याने तेथील चढ कमी करावा लागतो. डोंगराच्या घडणीप्रमाणेही मार्ग न्यावा लागतो. कमाल चढ व सरासरी चढ या दोन भिन्न कल्पना आहेत, हे येथे व्याख्येविना स्पष्ट होते. वरच्या इयत्तांत आणखी एक प्रश्न जोडता येतो : २० मी. हे अंतर रुळाच्या कडेने मोजावयाचे की क्षितिजसमांतर? पायथागोरस सिद्धांतानुसार क्षितिजसमांतर १५.२ किमी. अंतरासाठी रुळाची लांबी केवळ सु. १९ मी. ने वाढते. म्हणजे एवढ्या सौम्य चढावर हा भेद व्यवहारात नगण्य ठरतो. कोणता भेद दुर्लक्षिण्याजोगा आहे, हे गणिताने ठरविता येते, ही जाणीव महत्त्वाची होय.

वळणाची कृती : या मार्गाच्या दोन रुळांमधील अंतर ६१० मिमी. (०.६१ मी.) असून मार्गावर घोड्याच्या नालासारखी वळणे आहेत. अशा अर्धवर्तुळाकार वळणावर बाहेरचा रूळ आतल्या रुळापेक्षा किती लांब असेल, असा प्रश्न विचारावा व वळणाची त्रिज्या मुद्दाम देऊ नये. बहुतेक विद्यार्थी त्रिज्या मागतात. मग एका गटाला आतल्या रुळाची त्रिज्या २० मी. व दुसऱ्या गटाला ५० मी. घेण्यास सांगावे, तत्पूर्वी कोणत्या वळणावर फरक अधिक येईल, याची अटकळ प्रत्येकाकडून लिहून घ्यावी. मोठ्या वळणावर फरक मोठा, अशी अटकळ बहुधा केली जाते. पाय या स्थिरांकाचे मूल्य ३.१४ घेतल्यास पहिल्या गटाला आतला रूळ ६२.८० मी. व बाहेरचा सु. ६४.७२ मी. लांब मिळतो, दुसऱ्या गटाला अनुक्रमे १५७ मी. व सु. १५८.९२ मी. मिळतो. फरक दोन्हींकडे सु. १.९२ मी. एवढाच येतो.

दोन्ही गटांची उत्तरे फळ्यावर शेजारी लिहिली असता वर्गाला धक्का बसतो. तो योगायोग नाही, हे पटवून देण्यासाठी त्रिज्येच्या जागी अक्षर घेणे आवश्यक होते आणि बीजगणिताची गरज विद्यार्थ्यालाच भासते. अक्षर वजाबाकीत नाहीसे होते व फरक केवळ रुळांमधील अंतरावर अवलंबून राहतो. त्रिज्या न देण्याचे कारण आता उघड होते : ती दिली असती, तर विद्यार्थ्यांनी सूत्रात आकडे भरून उत्तर काढले असते व तिचा उत्तराशी संबंध नाही, हे कोणाच्याच लक्षात आले नसते. नेरळ येथूनच जाणाऱ्या मुंबई–पुणे रुंदमापी मार्गाचे रूळ १,६७६ मिमी. अंतरावर आहेत, तेवढ्याच वळणावर तेथे फरक सु. ५.२६ मी. येईल, हे विद्यार्थी नंतर स्वतःच काढू शकतात. या कृतीचा विस्तार असा : मार्ग एकदा डावीकडे व एकदा उजवीकडे तेवढाच वळला, तर एकूण फरक किती? डावी वळणे धन व उजवी ऋण मानल्यास दोन्ही फरक एकमेकांना छेदतात. प्रारंभी नालाकृती वळणाचा असलेला प्रश्न येथे दिशायुक्त कोनांच्या बेरजेपर्यंत पोहोचतो.

पावसाची कृती : एक मिलिमीटर पाऊस म्हणजे काय, हे पुष्कळ प्रौढांनाही सांगता येत नाही. २६ जुलै २००५ रोजी सुरू झालेल्या अतिवृष्टीत मुंबईत सांताक्रूझ येथे २४ तासांत ९४४ मिमी. पावसाची नोंद झाली. त्याच पावसात माथेरानचा लोहमार्ग ठिकठिकाणी वाहून गेला आणि तो २००७ मध्ये पुन्हा सुरू झाला. ५० चौ. मी. क्षेत्रफळाच्या सपाट छपरावर एवढ्या पावसात किती लिटर पाणी पडेल, या प्रश्नाचे उत्तर ४७,२०० लिटर असे आहे. परंतु कृतीचा हेतू उत्तर काढणे हा नसून एक चौ. मी. वर एक मिमी. पाऊस म्हणजे बरोबर एक लिटर पाणी, हा संबंध सापडावा, हा आहे. म्हणून प्रथम एक चौ. मी. ची चौकट जमिनीवर आखून अंदाज करावयास लावणे व नंतर एककांचे रूपांतर करणे, हा क्रम अधिक फलदायी ठरतो. पाणी वाहून न जाता तेथेच साचले असते, तर त्याची उंची ९४४ मिमी. म्हणजे लहान मुलाच्या छातीएवढी झाली असती, हे ध्यानात आल्यावर वर्तमानपत्रातील आकड्याला अर्थ येतो.

नैदानिक कृती : विद्यार्थ्याच्या मनातील चुकीची समजूत उघडी पाडण्यासाठी योजलेल्या कृतीस नैदानिक कृती म्हणतात. तिच्यातील आकड्यांची निवड निर्णायक असते. ०.८५ व ०.५ यांतील मोठी संख्या कोणती, असे विचारल्यास ८५ हा ५ पेक्षा मोठा आहे, असे मानणाऱ्या मुलाचेही उत्तर बरोबर येते. ०.३५ व ०.५ यांची तुलना करावयास सांगितल्यास तीच समजूत लगेच उघडी पडते. दोन्ही प्रश्न सारखेच सोपे दिसतात. पहिला मात्र शिक्षकाची दिशाभूल करतो.

सरासरी वेगाचा प्रश्नही असाच आहे. माथेरानमध्ये मोटारगाड्यांना बंदी असल्याने मालाची वाहतूक दीर्घकाळ घोडे, खेचरे व हमाल यांच्याकरवी होत आली आहे. एखादा हमाल ओझे घेऊन ताशी ३ किमी. वेगाने वर जातो व रिकामा ताशी ६ किमी. वेगाने त्याच वाटेने परततो, असे मानल्यास त्याचा जाऊन येऊन सरासरी वेग किती? बहुतेक उत्तरे ४.५ अशी येतात. अंतर ३ किमी. मानून वेळ मोजल्यास जाण्यास एक तास व येण्यास अर्धा तास लागतो. दीड तासात ६ किमी. म्हणजे ताशी ४ किमी. अंतर ६ किमी. घेतले तरी ४ च येतात. चढतीच्या वाटेवर अधिक वेळ जातो, म्हणून त्या वेगाचा भार अधिक, हे कारण ज्याने ओझे वाहिले आहे त्याच्या मुलाला सांगावे लागत नाही. ते गणिताच्या भाषेत मांडण्यास मात्र त्याला साहाय्य लागते.

भाषा व संख्या : मराठीत सव्वा, दीड, पावणेदोन, अडीच, साडेतीन अशी अपूर्णांकांची नावे नित्याच्या वापरात आहेत. शाळेत येणाऱ्या मुलाला अडीच किलो म्हणजे काय, हे ठाऊक असते, २.५ ही खूण त्याला नवी असते. अडीचच्या तिप्पट किती, हे आधी तोंडी विचारून नंतर २.५ × ३ अशी मांडणी करणारी कृती मुलाच्या ज्ञानावर उभी राहते. उलट क्रमाने गेल्यास तेच ज्ञान निरुपयोगी ठरते. संख्यावाचनात वेगळीच अडचण असते. एकवीस, पंचवीस यांत एककाचे नाव आधी व दशकाचे नंतर येते, तर एकोणतीस हे नाव तिसात एक उणे असे घडले आहे. बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात २०१९ मध्ये वीस एक, वीस दोन अशा वाचनाचाही समावेश करण्यात आल्यावर महाराष्ट्रात मोठा वाद झाला. त्या वादाचा निर्णय काहीही असो, लेखन व उच्चार यांच्या क्रमांतील फरक मुलाच्या मार्गात येतो, ही वस्तुस्थिती आहे. सुट्या काड्या व दहादहांचे गठ्ठे यांनी संख्या मांडून मग तिचे नाव घेण्याची कृती या फरकावर उपयुक्त ठरते.

बहुस्तरीय कृती : लहान गावांतील व आदिवासी पाड्यांवरील अनेक शाळांत एकच शिक्षक एकाच वेळी अनेक इयत्ता शिकवितो. अशा ठिकाणी सर्वांना सुरुवात करता येईल व पुढे असलेल्यांना पुरून उरेल, अशा कृतींचे मोल अधिक असते. तिचा उत्तम नमुना देवळाली येथील शाळेत शिक्षक असलेले गणितज्ञ दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर (१९०५–८६) यांच्या शोधातून मिळतो. सर्व अंक सारखे नसलेली कोणतीही चार अंकी संख्या घ्यावी. तिचे अंक उतरत्या व चढत्या क्रमाने लिहून मोठ्या संख्येतून लहान संख्या वजा करावी. आलेल्या वजाबाकीवर पुन्हा तीच क्रिया करावी. जास्तीत जास्त सात पायऱ्यांत ६१७४ ही संख्या येते व पुढे तीच येत राहते. उदा., माथेरानच्या लोहमार्गाचे वर्ष १९०७ घेतल्यास ९७१० − ०१७९ = ९५३१ येथून प्रारंभ होऊन ८१७२, ७४४३, ३९९६, ६२६४, ४१७६ असे करीत सातव्या पायरीस ६१७४ मिळतात.

तिसरी-चौथीतील मुलाला यात हातच्याच्या वजाबाकीचा भरपूर सराव होतो व तो कंटाळवाणा होत नाही. सात पायऱ्यांत ६१७४ न आल्यास कोठेतरी चूक झाली आहे, हे मुलाला स्वतःच कळते. म्हणजे पडताळा कृतीतच आहे. सहावी-सातवीतील विद्यार्थी प्रत्येक वजाबाकीला ९ ने निःशेष भाग जातो, हे हेरतात. आठवी-नववीत त्याची सिद्धता देता येते. तीन अंकी संख्यांत ४९५ ही अशीच संख्या मिळते. दोन अंकी संख्यांत काय घडते, हा प्रश्न विद्यार्थी आपण होऊन विचारतात.

अंमलबजावणी व मर्यादा : उत्तम रचलेली कृतीही वर्गात क्षीण होऊ शकते. पिट्सबर्ग विद्यापीठातील मेरी के स्टाइन व त्यांचे सहकारी यांनी अमेरिकेतील माध्यमिक वर्गांच्या निरीक्षणातून दाखविले, की उच्च प्रतीच्या वैचारिक मागणीने सुरू झालेल्या अनेक कृती चालू असताना केवळ रीत वापरण्याच्या पातळीवर उतरतात. मुले अडली, की शिक्षक पुढची पायरी सांगतो. वेळ संपत आला, की उत्तर फळ्यावर लिहितो. वळणाच्या कृतीत ‘दोन्ही अर्धपरिघांची वजाबाकी करा’ एवढे एक वाक्य आधी उच्चारले, तरी तिच्यातील शोध संपतो. म्हणून कृतीबरोबरच कोठे थांबावे, कोणता प्रश्न विचारावा व कोणती सूचना राखून ठेवावी, हेही शिक्षकाने आधी ठरविणे आवश्यक असते.

परिसरातील प्रसंग घेतल्याने कृती आपोआप चांगली होत नाही. पाठ्यपुस्तकातील ‘रेल्वे’ हा शब्द बदलून ‘माथेरानची गाडी’ असा केला, तर गणितात काहीच बदल होत नाही. अतिपरिचित प्रसंगात व्यवहारातील तपशील गणितावर मात करतात, असाही अनुभव येतो. हमाल वाटेत विसावा घेतो, ही मुलाची हरकत खरी असते व गणितासाठी ती बाजूला का ठेवली, हे त्याला सांगावे लागते. काही कल्पना, उदा., अविभाज्य संख्या किंवा समांतर रेषांचे गुणधर्म, व्यवहारी प्रसंगाविना अधिक स्पष्ट होतात. सरावाचे महत्त्वही कृतींमुळे कमी होत नाही. पाढे व मूलभूत क्रिया सहज येत नसतील, तर विद्यार्थ्याचे सारे लक्ष आकडेमोडीत गुंतते व निर्णयासाठी ते उरत नाही. मोठे वर्ग, ठरावीक वेळापत्रक व परीक्षेचे स्वरूप या अडचणीही खऱ्या आहेत. तथापि आठवड्यातून एक तास जरी अशा कृतीसाठी राखला आणि तिच्यातील एक गणिती निर्णय विद्यार्थ्यांकडे प्रामाणिकपणे सोपविला, तरी गणितात अर्थ शोधावयाचा असतो, ही समजूत वर्गात रुजू लागते. कप्तानाच्या वयाचा प्रश्न पुढे आल्यास ‘हे सांगता येणार नाही’ असे म्हणण्याचे धैर्य त्या समजुतीतूनच येते.